कबड्डीच्या नियमांतून संपत्तीच्या वाटणीवर बतावणी: लिहिण्यापासून प्रयोगाच्या रात्रीपर्यंत

"गुन कसाले वाटतस? आमले पह्यले मैदानमा तं येऊ द्या."

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, दत्तजयंतीच्या जत्रेत, पार मागच्या रांगेतून अहिराणीतलं हे वाक्य आलं. म्हणजे, गुण कशाला वाटता, आम्हाला आधी मैदानात तर येऊ द्या. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायांचा घोळका तिथे बसला होता, त्यातली एक बोलली. आमची बतावणी, म्हणजे तमाशातला असतो तसा विनोदी संवादांचा प्रवेश, तेव्हा रंगात आली होती. कबड्डीचा सामना चालू, जिंकणाऱ्या संघाचे गुण सरपंच कापतो आणि हरणाऱ्याच्या पाटीवर लिहितो, चढाई करणारा चिडतो, बसून राहिलेला खूश होतो, लोक हसतात. आणि मग हे वाक्य. त्यावर जो हशा आला तो आमच्या सगळ्या संहितेला मिळून आला नव्हता.

त्या रात्रीनंतर आम्ही ती बतावणी मुळापासून नव्याने लिहिली. संपत्तीच्या वाटणीवर खेळाच्या नियमांतून राजकीय विनोद करायचा असेल तर कुठून सुरुवात करायची, कुठे चुकतं, मैदान कसं आखायचं, परवानगी कुठली लागते, हे सगळं पुढे सविस्तर लिहितो आहे. खान्देशातल्या जत्रांसाठी, गॅदरिंगसाठी, गणपतीतल्या कार्यक्रमांसाठी लिहिणाऱ्या तरुण मंडळींनी हे वापरावं, बदलावं, आपलं करावं.

आधी खेळ पाठ करा

क्रिकेट सगळ्यांना येतं, पण या विषयाला कबड्डीच घ्या. कारण कबड्डीच्या पोटातच वाटणीचा प्रश्न आहे. हुतूतूच्या जुन्या काळी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळत. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद झालेला गडी परत आत यायचा. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसायचा, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये कुणी बाहेरच जात नसे, फक्त गुण मांडले जात. गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात महाराष्ट्रात आणि बडोद्यात नियम एकसारखे करायचं काम झालं, तेव्हा संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घातला गेला. म्हणजे पडलेल्या माणसाला परत उभं करायचं की नाही, केव्हा आणि कशाच्या बदल्यात, यावर आपल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी डोकं लावलेलं आहे. संपत्तीच्या वाटणीवरचा सगळा वाद दुसरं काय आहे?

आजचे नियम वहीत लिहून काढा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: यात कोणाला काय परत मिळतं?

सात गडी आत असतात. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचं १२ बाय ८. पुरुषांचा सामना २० मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. चढाई ३० सेकंदांची. समोरचा एक बाद केला की आपला एक गडी उठतो, आणि उठतो तो बाद झाल्याच्या क्रमानेच. सगळा संघ बाद झाला की लोण चढतं, चढवणाऱ्याला जादा २ गुण मिळतात, पण ज्याच्यावर लोण चढलं त्याचे सातही गडी परत मैदानात येतात. बोनस रेषेचा गुण समोर सहा किंवा सात जण असतील तरच मिळतो. समोर पाचच उरले की बोनस बंद. आणि तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली तर त्याला एक गुण जास्त.

हे नियम मांडून झाले की एक गोष्ट लख्ख दिसते. कबड्डी जिंकणाऱ्याचा एकही गुण काढून घेत नाही. ती हरणाऱ्याला माणसं परत देते. पाटी कमावणाऱ्याची राहते, मैदान मात्र सगळ्यांचं राहतं. आमच्या पहिल्या बतावणीत आम्ही नेमकं हेच विसरलो होतो, आणि मागच्या रांगेतल्या त्या बाईला कबड्डीचे नियम ठाऊक नसूनही ते बरोबर कळलं होतं.

वाटायचं काय, हे ठरवा

इथेच बहुतेक संहिता फसतात. वाटणी म्हटलं की लिहिणाऱ्याला गुण आठवतात. जिंकलेल्याचे दहा काढा, हरलेल्याला पाच द्या. पण संपत्ती म्हणजे फक्त कमाई नव्हे. ती मैदानही असते, शिट्टीही असते, आणि आजोबांनी मागच्या सामन्यात मिळवलेले गुणही असतात. यातली एकच गोष्ट निवडा आणि सगळी बतावणी तिच्यावर उभी करा.

गुण निवडले तर विनोद लवकर जमतो आणि लवकर संपतो. पाचव्या मिनिटाला सगळ्यांना शेवट कळलेला असतो.

जुने गुण निवडलेत तर वारशाचा विषय येतो, आणि त्याला धार चांगली येते. आमच्या दुसऱ्या संहितेतला हा तुकडा, यातला जिभाऊ म्हणजे आमचा सोंगाड्या:

सरपंच : सामना सुरू! गुण, वीस-शून्य!
जिभाऊ : आबा, आजून तं शिट्टीबी वाजनी नही. वीस कसा?
सरपंच : ते त्याच्या आजाचे.
जिभाऊ : मंग आजालेच उतरू द्या ना मैदानमा!

कबड्डीत प्रत्येक सामना शून्य-शून्यने सुरू होतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून हे लगेच भिडतं. मागे खरा इतिहासही आहे. आपल्या देशात वारशावर कर होता, १९५३ पासून १९८५ पर्यंत. संपत्ती कर १९५७ चा, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. हे संवादात सांगत बसू नका, पण लिहिणाऱ्याला माहीत असू द्या. कार्यक्रमानंतर कुणीतरी पारावर विचारतंच.

शिट्टी निवडली तर नियम कोण ठरवतो हा विषय. कबड्डीतल्या मुख्य पंचाला आपण सरपंचच म्हणतो, त्यामुळे हा विनोद गावात आपोआप होतो, आणि म्हणूनच तो जपून वापरा. गावचे सरपंच पहिल्या रांगेत बसलेले असतात. त्यांच्याकडे बघून एकही वाक्य टाकायचं नाही, असा नियम मी नटांना घालतो. भीती म्हणून नाही. बतावणीत तो सरपंच एक माणूस झाला की प्रश्न त्या माणसापुरता होतो आणि बाकी सगळे सुटतात.

माझा कौल मैदानाला आहे. खान्देशात वाटणीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुखरा भाग जमिनीचाच आहे. तापीकाठची काळी कसदार जमीन, केळीचे मळे, गिरणेचे पाट एकीकडे, आणि सातपुड्याच्या उतारावरचं पावसावर तगलेलं वावर दुसरीकडे. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारीत आणि फसवणुकीत मोठ्या जमीनदारांकडे गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून आदिवासी पुढारी अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबतच्यांनी १९७२ मध्ये भूमुक्तीचा मेळावा भरवला, त्याच काळात श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा १९७४ चा कायदा झाला, तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू आहे. त्या लोकांनी कुणाच्या पाटीवरचे गुण मागितले नव्हते. रेघ होती तिथे परत मारा, एवढंच मागितलं होतं.

एकच नियम हलवा आणि खरोखर खेळून बघा

ही पायरी कोणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हीच लागते. टेबलावर बसून "असा नियम केला तर काय गंमत होईल" याची कल्पना करू नका. गावातली चौदा पोरं गोळा करा, बदललेला नियम सांगा आणि वीस मिनिटं खेळू द्या. तुम्ही वही घेऊन कडेला बसा. संहिता पोरंच लिहितात.

आम्ही दोन संध्याकाळी हे केलं. पहिल्या दिवशी नियम असा की दर पाच मिनिटांनी दोन्ही संघांचे गुण बेरीज करून निम्मे निम्मे करायचे. पहिली पाच मिनिटं पोरं जोरात खेळली. दुसऱ्या पाचात चढाईला जाणारा फक्त निदान रेषा, म्हणजे चढाईत जी ओलांडावीच लागते ती, ओलांडून, कुणाला हात न लावता परत येऊ लागला. तिसऱ्या पाचात कोपऱ्यावरचा गडी कमरेवर हात ठेवून उभा. वाटणीच्या विरोधात जे लोक बोलतात त्यांचा मुद्दा इथे डोळ्यांसमोर खरा झालेला दिसला, आणि तो मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांना न सांगता आम्ही मध्यरेषा एक मीटर सरकवली. बाकी सगळे नियम जसेच्या तसे. एका संघाचं अर्धं मैदान साडेसात मीटरचं, दुसऱ्याचं साडेपाच मीटरचं. सात-आठ मिनिटं कोणालाही कळलं नाही. लहान अर्ध्यातली पोरं मागे सरकायला जात, आणि पाय अंतिम रेषेबाहेर. बाद. पुन्हा बाद. आणि ती पोरं रेषेकडे बघेनात, एकमेकांवर ओरडू लागली. "तू मागं का गेलास? तुले खेयता येस नही का?" कर्णधाराने उजव्या कोपऱ्यावरचा पोरगा बदलला. मग डावा बदलला. ज्याला बदललं तो रडवेला होऊन बाहेर येऊन बसला. त्या पोराला मी खेळ थांबवून खरं सांगितलं, तेव्हाच सगळ्यांनी खाली वाकून रेघ बघितली.

माझ्या वहीतली ती सात-आठ मिनिटं आमच्या बतावणीचा कणा झाली. मैदान कमी झालेली माणसं मैदानाला दोष देत नाहीत, एकमेकांना देतात. हे मला लिहून सुचलं नसतं.

रेघ कशी सरकवायची: मापं आणि फक्की

प्रेक्षकांत कबड्डी खेळलेली माणसं असतातच. माप चुकलं की ती बतावणी बघायची सोडून चूक दाखवत बसतात. म्हणून हे नीट करा.

पऱ्हाटी उपटलेलं वावर किंवा शाळेचं पटांगण चालतं. ढेकळं फोडून, पाणी मारून, एक रात्र बसू द्या. चार खुंट्या आणि न ताणणारी दोरी घ्या, जुनी नायलॉनची दोरी ताणली की हातभर वाढते. १३ बाय १० आखल्यावर कर्ण मोजा. दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटीमीटर भरले तर चौकट काटकोनात आहे. भरले नाहीत तर खुंटी हलवा, अंदाजाने फक्की, म्हणजे रेघ मारायची पांढरी भुकटी, टाकू नका. जागा कमी असेल तर निम्म्या मापाचं मैदान घ्या, साडेसहा बाय पाच, कर्ण ८ मीटर २० सेंटीमीटर. बतावणीला तेवढं पुरतं.

पूर्ण मापाच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे साध्या मैदानात बोनस रेषेमागे पावणेदोन मीटर जागा उरते. मध्यरेषा एक मीटर सरकवा आणि या दोन्ही रेषा तिच्यासोबत सरकवा, की लहान अर्ध्यात बोनस रेषेमागे फक्त पाऊण मीटर उरतो. सात जणांची साखळी त्या पाऊण मीटरमध्ये उभी राहिलेली दिसली की बोलायलाच नको. पण दोन मीटर सरकवू नका. आम्ही केलं होतं. लहान अर्धं साडेचार मीटरचं झालं आणि बोनस रेषा पावणेपाच मीटरवर, म्हणजे मैदानाच्याच बाहेर गेली. त्यामुळे उलट मोठ्या संघाचाच बोनस बुडाला. एका जुन्या खेळाडूने प्रयोग चालू असताना उभं राहून ते सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं.

आता रेघ सरकते कशी, ते. ही जागा बतावणीत सगळ्यात हळू घ्या. एक माणूस मैदान आखणारा म्हणून ठेवा, त्याला एकही संवाद नको. डोक्यावर टोपी, हातात घमेलं, घमेल्यात फक्की. ढोलकीवाला प्रत्येक डावानंतर तुकडा वाजवतो, सगळे नट नाचतात, आणि हा माणूस वाकून मध्यरेषेवर फक्की टाकत जातो. दर वेळी आधीच्या रेघेपासून एक वीत पलीकडे. जुनी रेघ पायाने पुसतो. पाच वेळा ढोलकी वाजली की पाच विती, म्हणजे जवळपास एक मीटर. पुढच्या रांगेतल्या पोरांना दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळतं, ती ओरडायला लागतात. मोठ्यांना उशिरा कळतं. नटांनी मात्र कळल्याचं अजिबात दाखवायचं नाही. मग पाचव्या वेळी लहान अर्ध्यातला जिभाऊ थांबतो, खाली बसतो, बोटाने फक्की चाचपतो आणि मोठ्या अर्ध्यातल्या आप्पांना विचारतो, ही रेघ माझ्या वावरात कशी आली:

जिभाऊ : आप्पा, हाई रेघ मन्हा वावरमा कशी उनी?
आप्पा : रेघ तठेच शे. तू मांगे सरकना.

रेघ तिथेच आहे, तूच मागे सरकलास, हे आप्पांचं वाक्य ओरडून म्हणायचं नाही. प्रेमाने, समजूत घातल्यासारखं म्हणायचं. आमच्या नटाने पहिल्यांदा खलनायकासारखं म्हटलं आणि प्रसंग पडला. दुसऱ्या वेळी त्याने जिभाऊच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, आणि मांडवात टाचणी पडेल अशी शांतता झाली.

पात्रं आणि बोली

पात्रं चार पुरेत. सरपंच, म्हणजे पंच. आप्पा, मोठ्या अर्ध्याचे. जिभाऊ, लहान अर्ध्याचा, हाच सोंगाड्या. आणि गुणलेखक अक्का, जिच्या हातात पाटी आणि खडू. अक्काला सगळं दिसतं पण तिला फक्त लिहायचा अधिकार आहे. ही भूमिका एखाद्या बाईनेच करावी, मावशीचं सोंग नको. गावातल्या बचत गटाच्या हिशेबाच्या वह्या बाया किती काटेकोर ठेवतात, ते ज्याने बघितलंय त्याला ही अक्का लगेच ओळखू येते. रेघ सरकलीय हे तिने कधीच तोंडाने म्हणू नये. पाटीवर गुणांच्या शेजारी ती दर वेळी एक आडवी रेघ मारते, एवढंच.

बोलीबद्दल माझं मत पक्कं आहे. अहिराणी फक्त जिभाऊच्या तोंडी आणि शुद्ध मराठी आप्पांच्या तोंडी, अशी विभागणी करू नका. ती केली की बोली म्हणजे गरिबाचं आणि भोळ्याचं सोंग होते, आणि ज्या अन्यायावर बोलायला उभे राहिलात तोच पुन्हा करता. आप्पाही अहिराणीच बोलतात. खान्देशात ते तसंच आहे. प्रमाण मराठी फक्त सरपंचाच्या घोषणेत ठेवा, कारण नियमाची भाषा ती असते. आणि आप्पांना कुठल्या जातीचं आडनाव, ठरावीक पगडी, ओळखीची गाडी काही देऊ नका.

एकमेकांना हाक मारताना नाती सांभाळा. जिभाऊ आप्पांना "आप्पा" म्हणतो, "तुम्ही" म्हणतो, चिडला तरी "तू" वर येत नाही. आप्पा त्याला "तू"च म्हणतात, मायेने. या एका गोष्टीतून जे दिसतं ते दहा वाक्यांतून दिसत नाही.

समोरच्याची बाजू खरी लिहा

ज्यावर निम्मं गावच हसतं ते भाषण झालं. बतावणी उभी राहायची असेल तर वाटणीला विरोध करणाऱ्याचं सगळ्यात चांगलं वाक्य तुम्हीच लिहायला हवं. आमच्याकडे ते आप्पांच्या संघातला चढाई करणारा पोरगा म्हणतो:

"मी पहाटे चारले उठस. दम घोटस, गुडघा फोडस. गुन आनस मी, आन पाटीवर नाव बठासनं?"

म्हणजे गुण आणतो मी, आणि पाटीवर नाव सगळ्यांचं? यावर जिभाऊने विनोद करायचा नाही. त्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तरही खरं हवं: "तुन्हा गुन तुलेच राहू दे, भाऊ. मन्ही जागा माले दे." कष्ट करणाऱ्या पोराचा अपमान करणारी बतावणी खान्देशात चालू नये. इथे प्रत्येक घरात कुणीतरी कर्ज काढून ठिबक टाकलंय, पहाटे मोटर चालू करायला उठलंय. किलोमागे मजुरी घेऊन कापूस वेचणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं की जी जास्त वेचते तिला जास्त मिळायला हवं. तिचं भांडण वेगळं आहे.

पैशावर चालणाऱ्या कबड्डीचाच एक दाखला इथे उपयोगी पडतो. २०१४ पासून टीव्हीवर जी व्यावसायिक लीग चालते, तिच्या लिलावात खेळाडू विकत घ्यायला प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा असते. मालक कितीही श्रीमंत असो. सामना चुरशीचा व्हावा म्हणून बाजारही मैदान सपाट करून घेतो. हे वाक्य आप्पांच्या संघाच्या तोंडी घाला, जिभाऊच्या नको.

खरे कायदे कुठे बसवायचे

संहितेत तारखा आणि कलमं ओतू नका. एका प्रयोगात दोन, फार तर तीन, आणि प्रत्येक कायद्याला खेळातली एक कृती.

कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ चा. नंतरच्या दुरुस्तीत बारमाही ओलिताची मर्यादा १८ एकर आणि कोरडवाहूची ५४ एकर ठरली. म्हणजे कायद्यानेच मान्य केलं की एकराला एकर सारखा नसतो, पाणी असलेला एक एकर कोरड्या तिनांच्या बरोबरीचा. मैदानावर याची कृती सोपी आहे. एका अर्ध्यात पाणी मारलेली घट्ट माती ठेवा, दुसऱ्यात ढेकळं तशीच ठेवा, आणि दोन्हीकडे सारख्याच लांबीची दोरी लावून दाखवा. संवाद लागत नाही.

रोजगार हमीचं उदाहरण नोकरदार प्रेक्षकांना जवळचं पडतं. १९७२ च्या दुष्काळात कामं निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ चा व्यवसाय कर होता. पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तोच हा. वर्षाचे २५००. ज्यांच्या पगारपत्रकावर तो दिसतो त्यांतल्या फार थोड्यांना तो कशासाठी सुरू झाला हे माहीत आहे. अक्काने मधल्या सुट्टीत प्रत्येक गड्याकडून एक लिमलेटची गोळी गोळा करावी आणि बाहेर बसलेल्या बाद गड्याला द्यावी, म्हणजे तो पुढच्या डावात उठू शकेल. हे बघून एका निवृत्त गुरुजींनी मला नंतर विचारलं, "ते दोनशे रुपये म्हणजे हेच का रे?"

तिसरा दाखला विनोबांचा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देणारे विनोबा १९५१ पासून भूदानासाठी गावोगाव चालले आणि प्रत्येक जमीनवाल्याकडे सहावा हिस्सा मागत गेले, मला घरातला एक मुलगा समजा म्हणून. हा भाग विनोदात घेऊ नका. आम्ही तो एका शांत जागी ठेवला आहे. चढाई करणारा पोरगा परत येतो, मध्यरेषेवर थांबतो आणि स्वतःहून एक पाऊल मागे सरकतो, जिभाऊला जागा देतो. कुणी काही बोलत नाही. मग सरपंच शिट्टी वाजवून त्याला बाद ठरवतो, कारण नियमात असं काही नाही.

आणखी एक संदर्भ लिहिणाऱ्याने वाचून ठेवावा. राज्यघटनेचं कलम ३९(ख) म्हणतं की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सगळ्यांच्या हिताचं होईल अशा रीतीने वाटलं जावं. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की प्रत्येकाची प्रत्येक खासगी मालमत्ता अशी समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. म्हणजे कोणतं मैदान सगळ्यांचं आणि कोणतं एकाचं, हा वाद अजून चालू आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हाही कर्ज, सारा आणि कुळांचे हक्क यांवर बोलणं झालं होतं. आपण नवा विषय काढत नाही आहोत, हे नटांना तालमीत सांगा. त्यांना धीर येतो.

परवानग्या

तिकीट असो नसो, सार्वजनिक प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्या. दोन महिने आधी कामाला लागा. सोबत ग्रामपंचायतीचं आणि पोलीस ठाण्याचं पत्र. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, म्हणून बतावणी नऊच्या आत सुरू करा. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर प्रयोग पुढे ढकला. खऱ्या माणसाचं नाव, फोटो, आवाजाची नक्कल नको. भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेबाहेर नटाने ऐन वेळी राजकीय वाक्य जोडायचं नाही, हे लेखी कबूल करून घ्या.

तालीम आणि प्रयोगाची रात्र

तालमी मार्गशीर्षात सुरू केल्या तर बऱ्या पडतात, वांगी आलेली असतात. रोज संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी असेल तर नट दांडी मारत नाहीत. पहिले दहा दिवस संवाद अजिबात घेऊ नका, फक्त कबड्डी खेळा. नटांचे पाय खेळाडूचे झाले पाहिजेत. चढाईचा दम खोटा लागला तर पुढचं सगळं खोटं लागतं.

एकूण वेळ वीस मिनिटं ठेवा, कबड्डीच्या एका डावाइतका. फक्की दुप्पट आणा, पाच वेळा रेघ मारायची आहे आणि वारा असतोच. ढोलकीवाल्याला रेघ सरकवणाऱ्याच्या हाताकडे बघून वाजवायला शिकवा, घड्याळाकडे नाही.

शेवट जिंकण्या-हरण्यावर करू नका. आमच्याकडे शेवटची चढाई जिभाऊची असते. तो दम घेतो, "कबड्डी कबड्डी" सुरू करतो, आणि मोठ्या अर्ध्यात न शिरता आखणाऱ्याच्या घमेल्यापाशी जाऊन उभा राहतो. दम चालूच. ३० सेकंद होईपर्यंत. ढोलकी थांबते, मैदानावरचा दिवा मालवतो, दम ऐकू येत राहतो.

दिवा लागल्यावर नटांनी वाकून नमस्कार करून लगेच आत जायचं नाही. मैदानावरच बसायचं, दहा मिनिटं. लोक येऊन बोलतात. आमच्याकडे एक वही असते, त्यात प्रत्येक गावात कुणी काय म्हटलं ते त्याच रात्री लिहितो, नाव न लिहिता. दुसऱ्या दिवशी त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारायचं की पारावर कुठलं वाक्य फिरतंय. ज्या ओळीवर रात्री हशा झाला पण सकाळी कुणाला आठवत नाही, ती पुढच्या गावाआधी कापायची. मागच्या रांगेतल्या त्या बाईचं वाक्य आता अक्का म्हणते, सगळ्यात शेवटून तिसऱ्या मिनिटाला, पाटी खाली ठेवून. ते अजून एकदाही कापावं लागलेलं नाही.